प्रोव्हिजनल म्हणजे दाण्यागोट्यासकट

आमच्या घरात इंग्रजी फक्त काकांना यायचं. म्हणजे तसं ठरलेलं होतं. मॅट्रिकला ते गणितात गेले, विज्ञानात गेले, हिंदीतसुद्धा गेले, पण इंग्रजीत पास झाले. काठावर पास झाले, पण पास म्हणजे पास. त्या एका विषयाच्या जोरावर त्यांनी पुढची वीस वर्षं मान ताठ ठेवून काढली. औषधाच्या बाटलीवरचं, खताच्या पोत्यावरचं, पंपाच्या खोक्यावरचं, जे काही इंग्रजी आमच्या गावी, धावड्यात, दारी यायचं ते काकांसाठी राखून ठेवलं जायचं. काका चष्मा लावायचे, ओठ हलवत वाचायचे आणि मग एकदम निकाल द्यायचे. त्यावर अपील नव्हतं, कारण अपील ऐकणारं दुसरं कुणी घरात नव्हतं.

काका राहायचे राजूरला. गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. नुसतं ‘किराणा दुकान’ म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. पेंटरला दोन वेळा चहा पाजून त्यांनी बोर्डावर ‘किराणा ॲण्ड प्रोव्हिजन स्टोअर्स’ असं लिहून घेतलं होतं. चतुर्थीला त्यांना मान वर करायला फुरसत नसायची आणि दुसऱ्या दिवशी दुकानात माशा मारत बसावं लागायचं. म्हणून त्या दुसऱ्या दिवशी ते दुकान काकूवर सोपवायचे आणि एस.टी.नं धावड्याला यायचे, दादांना सल्ला द्यायला.

दादा म्हणजे माझे वडील. काका त्यांना दादा म्हणायचे, म्हणून आम्ही पोरंही दादाच म्हणायचो. दादा थोरले. शाळा दुसरीपर्यंत, मग बैलांमागे. धाकट्यानं शिकावं म्हणून त्यांनी स्वतः रान धरलं, असं माय सांगायची. दादा कधी बोलले नाहीत. काकांचे सल्ले मात्र ते मन लावून ऐकायचे आणि करायचे नेमकं उलटं. काका म्हणायचे, “दादा, औंदा सूर्यफूल लाव.” दादा मिरची लावायचे. काका म्हणायचे, “विहीर त्या चिंचेकडं पाड.” दादा बांधाकडं पाडायचे. आणि तिथं पाणीही लागायचं, हे काकांच्या फार जिव्हारी लागायचं. ते रुसायचे, तरी जेवून जायचे. पुढच्या महिन्यात नवा सल्ला घेऊन हजर.

मी तेव्हा जाफराबादला मावशीकडे राहून बी.ए. करत होते. विषय इतिहास. आमचे इतिहासाचे सर तरुण होते आणि त्यांना अजून पोरांचा कंटाळा आलेला नव्हता. शेवटच्या वर्षाला असताना त्यांनी मला एका फॉर्मवर सही करायला लावली. दिल्लीतलं एक मोठं विद्यापीठ. एम.ए.साठी देशभरातून पोरं परीक्षेला बसायची आणि घ्यायचे एका वर्गात मावतील एवढीच. “बसून बघ,” सर म्हणाले. मी घरी सांगितलं तेव्हा दादा म्हणाले, “दे परीक्षा. पेपर ल्हिल्यानं कुणी बिघडत न्हाई.” मी पास होणार नाही याची त्यांना खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही होती. पेपरात मी जे इंग्रजी लिहिलं ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

तर मी पास झाले. जुलै लागला होता, पेरण्या उरकल्या होत्या, मी परीक्षा देऊन घरी बसले होते. दुपारी दादा रानातून आले आणि सदऱ्याच्या खिशातून एक लांबट पाकीट काढून माझ्यापुढं धरलं. पाकीट उघडंच होतं.

“फाटकं कसं?” मी विचारलं.

“पोस्टात फाटलं असंल,” दादा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

मी पहिल्या ओळीत ‘सिलेक्टेड’ हा शब्द पाहिला आणि अशी किंचाळले की दावणीचा बैल उठून उभा राहिला. माय चुलीवरची भाकरी टाकून धावत आली, तिला वाटलं विंचू चावला. मग मी पत्र पुन्हा वाचलं, सावकाश. ‘सिलेक्टेड’च्या आधी एक शब्द होता, ‘प्रोव्हिजनली’. खाली पुन्हा तोच, ‘प्रोव्हिजनल ॲडमिशन’. माझ्याकडे सरांनी दिलेली जुनी डिक्शनरी होती. त्यात पाहिलं: तात्पुरता, अटीवर दिलेला. अट खाली लिहिलेलीच होती. बी.ए.चा मूळ मार्कमेमो, म्हणजे गुणपत्रिका, महिनाअखेरीच्या आत आणून दाखवायचा. तो नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या पोराला. आणि आमचा निकाल तर अजून लागायचा होता.

पण तो पुढचा प्रश्न. आधीचा प्रश्न दादांचा होता. मी त्यांना निवड झाल्याचं तेवढं सांगितलं, अटीचं बोलले नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन् खायचं-प्यायचं?”

“होस्टेल असतं दादा. मेस असते.”

“असंल. पण तुला मिळन का? पत्रात ल्हिलंय का तसं?”

पत्रात तसं काही नव्हतं. माय म्हणाली, “तिकडं ज्वारी पिकत न्हाई म्हणतेत.” दादा म्हणाले, “बघू.”

आमच्या घरातलं ‘बघू’ ज्याला माहीत आहे त्याला पुढं काही सांगायला नको. ते ‘न्हाई’चं मऊ नाव होतं. मला दादांचा राग आला, खूप आला. आमच्या घरातली मी पहिली मुलगी कॉलेजात गेलेली, ते त्यांनीच धाडलेलं, मग आता ‘बघू’ का? तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. भाकरी थापायला बसले की अशी थापायची की माय म्हणायची, “त्या काठवटीनं काय केलंय गं तुह्यं?” ताट दादांपुढं आदळायचे. ते मुकाट्यानं जेवायचे आणि पाणी मागायचे. त्यांना राग यायचा नाही आणि त्यामुळं मला जास्त यायचा.

तेवढ्यात चतुर्थी झाली आणि दुसऱ्या दिवशी काका आले.

ओसरीवर त्या वेळी भावकीतले दोन म्हातारे बसलेले होते. ते चहाच्या वेळेला असायचेच. मी दिल्लीला जाणार की नाही याची चर्चा त्यांनी दोन दिवस आधीच संपवली होती आणि ‘न्हाई’ असं ठरवून टाकलं होतं. पोरीच्या जातीला कशाला लागतंय एवढं, इथवर ते आले होते. काकांनी पाणी प्यायलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दादांनी पाकीट त्यांच्यापुढं सरकवलं.

काकांनी चष्मा लावला. ओठ हलू लागले. मी दाराआड उभी होते.

“सिलेक्टेड,” काका म्हणाले. “लागली पोरगी.” मग ते खाली उतरत गेले आणि एका शब्दावर त्यांचं बोट थांबलं. तोंड असं उजळलं की विचारू नका. “दादा! हे बघ. प्रोव्हिजनल ल्हिलंय!”

“म्हंजे?”

“आपल्या दुकानाच्या बोर्डावर काय हाये? प्रोव्हिजन. दुकानात काय असतं? डाळ, तांदूळ, तेल, मीठ. आता बघ. नेशनचं ते नॅशनल. हाये का न्हाई? तसं प्रोव्हिजनचं ते प्रोव्हिजनल. प्रोव्हिजनल ॲडमिशन म्हंजे दाण्यागोट्यासकट ॲडमिशन! खाणं-पिणं सारं त्येंच्याकडं.”

पुढं आयुष्यभर मी शिकले, शिकवलं, पण त्या तर्कातली खोट मला व्याकरणानं काही काढता आलेली नाही. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं शंका काढली, “सगळ्याच पोरांना देतेत काय असं?”

“छ्या! सगळ्यांना कामून देतील?” काका म्हणाले. “पोरगं बिलकुल हुशार असलं तरच. बाकीचे आपापलं पीठ घेऊन जातेत.”

दादांनी पत्राकडं पाहिलं, मग दाराकडं, जिथं मी होते. “काय गं,” ते म्हणाले, “बराबर हाये का काका म्हणतो ते?”

मला खरं ठाऊक होतं. डिक्शनरी आतल्या खोलीत फळीवर होती. तीन दिवसांनी पहिल्यांदा मी दादांशी बोलणार होते आणि ते खोटं असणार होतं. मी म्हणाले, “हो. बराबर हाये.”

“मंग जाऊ द्या,” दादा म्हणाले, म्हाताऱ्यांकडं बघत. “ते लोक खाऊ घालून शिकवून राह्यले, तर आपुन कोण अडवणारे?”

फुकट जेवण नाकारा असं कोण सांगणार? काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि उगाचच पत्र पुन्हा एकदा वाचलं. धावडा ते राजूर मग ज्या ज्या गावात एस.टी. थांबली त्या त्या गावाला बातमी कळली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला साखरेबरोबर ही गोष्ट मिळत होती. मला पाहून गावातल्या बाया म्हणायच्या, “ही ती प्रोव्हिजनलवाली.” काकांनी गणपतीला नारळ फोडला आणि पेढे घेऊन आले. ज्या माणसानं माझी वाट मोकळी केली त्याचं बोलणं चूक आहे हे मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी त्याच्या हातचा पेढा खात होते.

पुढं जे व्हायचं तेच झालं. निकाल लांबला. लागला तेव्हा महिना संपायला आठ दिवस उरले होते. मला फर्स्ट क्लास होता. मी जाफराबादला पळाले तर कॉलेजातल्या बाबूंनी सांगितलं, मार्कमेमो आपल्या विद्यापीठातून यायला अजून पंधरा-वीस दिवस. मी एस.टी.त बसून परत आले. सगळ्या वाटेत एकच हिशेब चालला होता. विद्यापीठात स्वतः जाऊन मेमो आणायचा तर दादांना सांगावं लागणार, आणि दादांना सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. सांगितलं तर जाणं रद्द. नाही सांगितलं तर जागा रद्द.

दादा मिरचीत खुरपत होते. मी जाऊन सरीत त्यांच्यासमोर बसले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरतं. खाण्या-पिण्याचं त्यात काही नाही. मेमो नेला नाही तर तेही जाईल. त्या दिवशी मी खोटं बोलले. हे बोलताना मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

दादांचं खुरपं थांबलं नाही. “ठाऊक हाये,” ते म्हणाले.

“काय ठाऊक हाये?”

“तात्पुरतं हाये ते. पाकीट काय पोस्टात फाटलं का? म्याच फोडलं. रस्त्यात हेडमास्तर भेटले, त्येंच्याकडून वाचून घेतल्तं. दोन डाव सांगितलं त्येंनी, मेमो दाखवला की पक्कं म्हणून.”

“मंग... मंग त्या दिवशी मला कामून इचारलं, बराबर हाये का म्हणून?”

“तू काय म्हणतीस ते बघायला. तू म्हणलीस बराबर, मंग म्या बी म्हणलं बराबर.” त्यांनी गवताची एक काडी उपटून बांधावर टाकली. “तुला धाडायचंच होतं गं. पण ‘मला वाटतं म्हणून धाडून राह्यलो’ हे भावकीत चालत न्हाई. कायतरी कारण लागतं. ते तुह्या काकानं दिलं.”

“आन् मी तीन दिवस ताटं आदळत होते, तव्हा का न्हाई सांगितलं?”

“तव्हा कारण सापडलं नव्हतं ना अजून.”

मी रडता रडता हसले. दादाही हसले, त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे खाली बघून. मग उठताना गंभीर झाले आणि म्हणाले, “आपल्या दोघांतलं हे काकाला बोलू नको. त्येला वाटतं त्येच्यामुळं तू चालली. आन् उद्याच निघू, जल्दी.”

आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एका लांब व्हरांड्याच्या टोकाला खिडकी होती. खिडकीतले बाबू वाईट नव्हते, कंटाळलेले होते. त्यांनी दिल्लीचं पत्र वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, “मेमो छापून आलेत. पण तुमच्या कॉलेजचा गठ्ठा कुठं दडलाय देव जाणे. मागच्या खोलीत सगळे एकावर एक टाकलेत. दोन शिपाई रजेवर, एकाची कंबर धरलीय. हलवणार कोण? पुढच्या आठवड्यात या.”

पुढच्या आठवड्यात महिना संपत होता. मी वाद घालायला तोंड उघडलं. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खिडकीत वाकून म्हणाले, “साहेब, हलवायचं असंल तर मी हलवतो की.”

बाबूंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. धोतर, टोपी, हातावरच्या शिरा. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कंबर धरलेल्या शिपायाला हाक मारली आणि खोली उघडायला सांगितली.

ती खोली मी विसरणार नाही. सुतळीनं बांधलेले गठ्ठे भिंतीला लावून पार वरपर्यंत. दादांनी टोपी काढून खिडकीत ठेवली, धोतराचा काचा मारला आणि कामाला लागले. ते गठ्ठा उचलायचे, मी वरची चिठ्ठी वाचायची, शिपाई सांगेल त्या भिंतीला तो रचायचा. नुसता टाकायचा नाही. दादांनी प्रत्येक जिल्ह्याची वेगळी थप्पी केली, कडबा रचावा तशी, सांधा बघून. अकराला सुरू केलं, तीन वाजले तरी आमचं कॉलेज निघेना. मधे शिपायानं स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी दादांना दिली. दोघं दमेकऱ्यांसारखे धापा टाकत आपापल्या गावच्या पावसाबद्दल बोलत होते. मी मात्र चिठ्ठ्या वाचून वाचून रडकुंडीला आले होते. परभणी, बीड, पुन्हा परभणी. मला वाटायला लागलं, आमचा गठ्ठा इथं नाहीच.

सगळ्यात खालचा नव्हता, पण खालून तिसरा होता. जाफराबादचं नाव वाचून मी नुसतीच “दादा” म्हणाले. त्यांनी गठ्ठा उचलून थेट बाबूंच्या टेबलावर नेऊन ठेवला. बाबू खोलीत डोकावले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिथली फरशी दिसत होती आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या थप्प्या लागल्या होत्या. त्यांनी माझा मेमो काढला, रजिस्टरमध्ये सही घेतली आणि दादांना म्हणाले, “बसा, चहा घ्या.” दादा म्हणाले, “नको साहेब, गाडी हाये.” पण चहा त्यांनी घेतला, शिपायालाही द्यायला लावला.

तिसऱ्या दिवशी आम्ही जळगावहून दिल्लीची गाडी धरली. आमच्याकडून तीच जवळ. काकांना फार यायचं होतं. दिल्लीत इंग्रजी बोलायला कुणीतरी लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. दादा म्हणाले, “दुकान सोडू नको.” काकांनी मला एकटीला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, “जेवणात कायी कमी पडलं तर पत्र दाखव. ल्हिलेलं हाये त्यात.” मी मान डोलावली आणि त्यांच्या पाया पडले.

दिल्लीतल्या त्या ऑफिसात एक बाई होत्या. त्यांनी मेमो उलटसुलट पाहिला, पत्रावरच्या त्या शब्दावर लाल पेनानं रेघ मारली, शेजारी दुसरा शब्द लिहिला आणि शिक्का मारला. दादांनी विचारलं, “काय केलं बाईनं?”

“तो शब्द खोडला.”

“खोडू दे,” दादा म्हणाले. मग मेस कुठं आहे विचारत विचारत गेले, भटारखान्याच्या दारात उभं राहून आतली पातेली बघून आले आणि म्हणाले, “भात लई खातेत हितले. पण हाये सगळं.” मला शिष्यवृत्ती मिळणार होती, त्यातूनच जेवणाचं भागणार होतं, हे कळल्यावर ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. स्टेशनवर मी रडले. ते रडले नाहीत, पण गाडी सुटेपर्यंत दोन वेळा पाणी प्यायले.

चार महिने गेले. मला तिथलं इंग्रजी कळायला लागलं होतं, थंडी मात्र सोसत नव्हती. एका रविवारी सकाळी निरोप आला की तुझ्याकडे कुणीतरी आलंय. मी बाहेर आले तर मुलींच्या होस्टेलच्या फाटकाशी बाकावर काका बसलेले. डोक्याला मफलर, अंगावर कोट, तोही कुणाचा तरी मागून आणलेला, बाह्या लांब. पायाशी एक भरलेलं पोतं, त्यावर तेलाचा डबा.

“काका! एकटे? दुकान?”

“बंद केलंय,” काका म्हणाले. दुकान बंद! चुलत्याच्या मयतीलाही त्यांनी ते अर्धंच बंद ठेवलं होतं. त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, तांदूळ, शेंगदाणे, गूळ, तिखट. आणि मीठ. दिल्लीत मीठ मिळत नाही अशी त्यांची समजूत नव्हती. दुकानातलं जे जे त्यांनी त्या दिवशी ओसरीवर मोजून दाखवलं होतं ते सगळं त्यांनी बांधून आणलं होतं.

“हे कशाला काका?”

ते माझ्याकडं बघेनात. “एक पोरगं आल्तं दुकानात, भोकरदनकडचं. बी.ए. झालेलं. हातात कागद होता, त्यावर प्रोव्हिजनल ल्हिलेलं. म्या म्हणलं, वा, तुला बी जेवण देऊन राह्यले का? हसाय लागलं ते. गिऱ्हाइकांसमोर.” काकांनी पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. “मंग सांगितलं त्येनं. पोरी, माह्या जबानीवर तुला हितं धाडलं, आन् हितं खायला हाये का न्हाई हेच कुणाला ठाऊक न्हाई. चार महिने झाले. गाडीत मला घास उतरला न्हाई.”

मी त्यांना सांगितलं, मेस आहे, शिष्यवृत्ती आहे, मी दोन्ही वेळा जेवते. त्यांना पटेना. वजन घटलंय म्हणाले. शेवटी वॉर्डनबाईंची परवानगी काढून मी त्यांना पाहुणे म्हणून मेसमध्ये नेलं. वरण, भात, पोळी, कोबी. काका शेवटचं शीत पुसून जेवले. “चव न्हाई वरणाला,” म्हणाले, “पण पोटभर हाये.” त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मला वाटलं आता संपलं, आता ते दिल्ली बघायला चला म्हणतील.

पण बाहेर आल्यावर ते पुन्हा त्याच बाकावर बसले. “एक काम कर माह्यं,” म्हणाले. “दादाला यातलं कळू देऊ नको.”

“काय कळू देऊ नको?”

“त्या शब्दाचं.” त्यांनी चष्मा काढला आणि कोटाच्या लांब बाहीनं पुसू लागले. “अगं, म्या त्येला जिंदगीभर सांगून राह्यलो. विहीर म्हणू नको, पीक म्हणू नको. कधी ऐकलं न्हाई त्येनं. एक डाव ऐकलं. तुह्या टायमाला. सारी भावकी बसलेली होती आन् त्येनं माह्यं ऐकलं. तेच बी चुकीचं होतं असं त्येला कळलं तर...”

दादांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं. ते बोलले असते तर काकांची भीती जागच्या जागी संपली असती. आणि ते एकदाचं ऐकणंही संपलं असतं. मला त्या क्षणी त्या दोघा भावांची फार माया आली.

“न्हाई कळणार, काका,” मी म्हणाले. “दादा अजून सगळ्यांना सांगतात, माह्या भावानं पत्र वाचलं म्हणून माही पोरगी दिल्लीला गेली.”

काकांनी चष्मा लावला. “असं म्हणतो तो?”

“असंच म्हणतात.”

एवढं मात्र मी मनचं सांगितलं नव्हतं. मायनं शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेल्या पत्रात ते होतं. दादा खरंच तसं म्हणायचे, चारचौघांत, आणि काका समोर असले तर जरा मोठ्यानं.